रांगेतल्या सोळा जणी

अमेरिकेत सीबीएस या टीव्ही वाहिनीवर १९५२ पासून शनिवारी रात्री आठला 'द जॅकी ग्लीसन शो' लागायचा आणि सुरुवातीलाच दिसायच्या त्या सोळा नाचणाऱ्या मुली. मध्येच कॅमेरा वरून खाली बघायला लागे, मुली गोलाकार पसरत, हातापायांच्या पाकळ्या उघडमीट करत, आणि घरातल्या छोट्याशा काळ्यापांढऱ्या पडद्यावर कॅलिडोस्कोप फिरल्याचा भास होई. मग विनोदवीर ग्लीसन येई, विनोद सुरू होत. ग्लीसनचं नाव अमेरिकेत आजही निघतं. नाच बसवणाऱ्या जून टेलर यांना १९५५ मध्ये नृत्यदिग्दर्शनाचं एमी, म्हणजे टीव्हीचं मानाचं पारितोषिक, मिळालं. त्या सोळा जणींना मात्र सामायिक नाव होतं, 'जून टेलर डान्सर्स'. त्यांच्यातली एकच सहज आठवते, मेरिलिन टेलर. ती जून टेलर यांची बहीण आणि १९७५ मध्ये ती ग्लीसनची बायको झाली. रांगेतून नाव बाहेर पडायचं तर बहीण आणि नवरा, दोन्हीकडून एवढं भांडवल लागलं!

हे जुने व्हरायटी शो, म्हणजे गाणी, नाच, विनोद असं सगळं एकत्र असलेले कार्यक्रम, आता परत येताहेत. एड सलिव्हनचा शो १९४८ ते १९७१ अशी २३ वर्षं चालला, त्याचे तुकडे आज यूट्यूबवर मनसोक्त बघता येतात. लंडन, रोम, पूर्व बर्लिन, सगळीकडच्या जुन्या कार्यक्रमांना नवे प्रेक्षक मिळताहेत. कोणी डीव्हीडी काढतं, कोणी काळ्यापांढऱ्या फितीला रंग चढवतं. खाली गायकाचं नाव, गाणं, तारीख, निवेदक, सगळं व्यवस्थित लिहिलेलं असतं. मागच्या रांगेचा उल्लेख झालाच तर 'डान्सर्स' एवढाच. माझं म्हणणं असं की या कार्यक्रमांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत, मग ती खासगी कंपनी असो वा लोकांच्या पैशावर चालणारं संग्रहालय, त्यांनी ते पुन्हा दाखवण्याआधी नाचणाऱ्यांची नावं शोधून लावावीत आणि हे त्यांच्यावर बंधनकारक असावं. मेहेरबानी म्हणून नको. पैशाचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे, कारण नावच माहीत नसेल तर पैसे नेऊन द्यायचे कोणाला?

या मुली नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी नावाखाली नाचल्या. ब्रिटनमध्ये त्या 'टिलर गर्ल्स' होत्या. जॉन टिलर हा मँचेस्टरच्या कापूस-धंद्यातला माणूस, १८९० च्या सुमारास त्याने मुलींना एका तालात नाचायला शिकवायला सुरुवात केली. पॅरिसमध्ये त्या 'ब्लूबेल गर्ल्स' होत्या, मार्गारेट केली ऊर्फ मिस ब्लूबेल यांच्या. अमेरिकी टीव्हीवरच्या 'द कॅरोल बर्नेट शो'मध्ये अर्नी फ्लॅट डान्सर्स. आपल्याकडे तमाशाचा फडही फडमालकाच्या किंवा मालकिणीच्या नावाने ओळखला जातो, त्यामुळे मराठी माणसाला यात नवल वाटू नये. पण फडात निदान गण-गौळणीपासून वगापर्यंत एकेकीला पुढे यायची, लोकांच्या नजरेत भरायची संधी असते. टिलरच्या रांगेत एखादी नजरेत भरली, तर ती चूक ठरायची.

ती रांग जमवायला काय लागायचं ते जरा जवळून बघू. ब्रिटनमध्ये आयटीव्ही ही खासगी वाहिनी सुरू झाली ती २२ सप्टेंबर १९५५ ला. त्याच आठवड्यात, २५ तारखेच्या रविवारी, 'संडे नाइट अ‍ॅट द लंडन पॅलेडियम' सुरू झाला. कार्यक्रम उघडायच्या त्या टिलर मुली. एकीचा हात दुसरीच्या कमरेमागून तिसरीपर्यंत, सगळ्यांची साखळी. कोणी तोल टाकला तर अख्खी रांग हलणार, म्हणून शेजारणीवर भार द्यायचा नाही. स्वतःच्या पोटाच्या जोरावर उभं राहायचं, आणि हसत राहायचं. न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमधल्या रॉकेट्स या नर्तकींच्या संघाची गोष्ट आणखी गमतीची आहे. त्यांच्या रांगेत सगळ्या सारख्या उंचीच्या दिसतात, पण तसं काही नसतं. सर्वांत उंच मुली मध्ये आणि दोन्ही टोकांकडे हळूहळू ठेंगण्या, अशी मांडणी असते. डोळा फसतो. म्हणजे जो सारखेपणा आपण बघतो तो बघणाऱ्यासाठी मुद्दाम घडवलेला असतो, आणि घडवण्याची मेहनत वेगवेगळ्या शरीरांनी केलेली असते. पोशाखाच्या आतल्या बाजूला नाचणारीच्या नावाची पट्टी शिवायची, ही रंगमंचाच्या कपडेपटातली जुनी पद्धत आहे. बाहेरून सगळे पोशाख एकसारखे, आत प्रत्येकीचं नाव. कपडे सांभाळणाऱ्यांना जे गरजेचं वाटलं ते श्रेयनामावली लिहिणाऱ्यांना वाटलं नाही.

टीव्हीने या कामात वेगळीच अडचण आणली. नाट्यगृहात रांगेचा देखावा प्रेक्षकाच्या पूर्ण नजरेत भरतो. सतरा इंची संचावर सोळा जणींची रांग आडवी दाखवली तर प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम इंचभर जागा. त्यातून जून टेलर यांनी वरच्या कॅमेऱ्याचा मार्ग काढला. ही युक्ती सिनेमातून आलेली, नृत्यदिग्दर्शक बस्बी बर्कली यांनी १९३० च्या दशकात ती गाजवली होती. फरक इतका की सिनेमात एक दृश्य चार दिवस घेता येतं आणि चुकलं तर परत घेता येतं. इथे कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचा आणि पुढच्या शनिवारी पुन्हा उभं राहायचं. जून टेलर स्वतः तरुणपणी नाचायच्या. १९३८ मध्ये क्षयाने त्यांना गाठलं, दोन वर्षं आरोग्यधामात गेली आणि नाचणं सुटलं, म्हणून त्या नाच बसवण्याकडे वळल्या. या धंद्यात शरीर हेच भांडवल असतं आणि ते किती लवकर संपतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरीही त्यांच्या मुलींची नावं पाटीवर येईनात. दोष त्यांच्या एकटीचा नव्हता, धंद्याची रीतच ती.

या रीतीच्या बाजूने एक जड मुद्दा मांडला जातो. रांगेचं सौंदर्य एकजीव असण्यात आहे, तिथे कोण कोण आहे हे विचारणं म्हणजे कलेचाच अपमान, असा तो मुद्दा. याचीच उलटी बाजू जर्मन लेखक सिगफ्रीड क्राकाउअर यांनी १९२७ मध्ये मांडली होती. कारखान्यातल्या पट्ट्यावर चालणारे हात आणि टिलर मुलींचे पाय ही एकाच जगाची दोन रूपं आहेत, असं त्यांचं म्हणणं. माणूस सुटा करायचा, त्याचे अवयव मोजायचे आणि त्यांची नक्षी मांडायची. वाचताना पटतं. मँचेस्टर ज्या परगण्यात, त्या लँकेशायरातूनच मुंबईच्या गिरण्यांची यंत्रं आली, टिलरही तिथलाच, म्हणजे गिरणी आणि रांग यांचं नातं क्राकाउअरना वाटलं त्याहून सख्खं होतं. गंमत अशी की त्यांनी या मुलींना अमेरिकेच्या करमणूक-कारखान्यांचं उत्पादन ठरवलं होतं! पायांचा इतका खोल विचार करणाऱ्या टीकाकाराने ते पाय कोणत्या गावचे हे विचारलं नाही.

आणि कारखान्याची उपमा पुढे नेली तर ती माझ्याच बाजूला येते. गिरणीत मस्टर असायचं. साच्यावरचा माणूस, बॉबिन भरणारी बाई, प्रत्येकाचं नाव त्यात असायचं, कारण पगार त्यावर निघायचा. कोरसच्या, म्हणजे मागच्या रांगेतल्या, मुलींनाही पगार मिळत होता, म्हणजे त्यांचंही मस्टर कुठेतरी होतं. अमेरिकेत तर १९१९ च्या नटांच्या संपातून कोरसवाल्यांची स्वतःची संघटना निघाली, 'कोरस इक्विटी', आणि १९५५ मध्ये ती नटांच्या मोठ्या संघटनेत विलीन झाली. सभासदांची यादी नसलेली संघटना कधी असते का? नावं होती. ती फक्त प्रेक्षकापर्यंत येऊ दिली गेली नाहीत.

सारखेपणाची आणखी एक किंमत होती, आणि ती वेगळ्याच लोकांनी मोजली. रॉकेट्स रेडिओ सिटीत नाचू लागल्या त्या १९३२ पासून. १९५७ पासून न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानाच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या मिरवणुकीतून टीव्हीच्या प्रेक्षकांना त्या वर्षानुवर्षं दिसत आल्या. त्या रांगेत पहिली आशियाई नर्तकी आली १९८५ मध्ये, पहिली कृष्णवर्णीय, जेनिफर जोन्स, १९८७ मध्ये. पन्नासहून अधिक वर्षं कारण एकच दिलं जायचं, रांग एकसारखी दिसली पाहिजे. उंचीतला फरक मांडणीने लपवता येत होता, कातडीच्या रंगापाशी मात्र मांडणीची अक्कल संपायची. बरं, कृष्णवर्णीय मुलींच्या रांगा नव्हत्या अशातला भाग नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत त्या गाजत होत्या, १९४० मध्ये अपोलो थिएटरच्या कोरस मुलींनी मजुरीसाठी संपही केला होता. टीव्हीने सलिव्हनच्या मंचावर नॅट किंग कोल, सुप्रीम्स अशा कृष्णवर्णीय गायकांना बोलावलं. पाहुणा एकटा येतो, गातो, जातो. रांगेत घ्यायचं म्हणजे दर आठवड्याला शेजारी उभं करायचं, हातात हात घालून. तिथे घोडं अडलं.

म्हणून मला जुन्या रांगांबद्दलचा गोडगोड उमाळा फारसा मानवत नाही. 'काय ते दिवस, काय ती शिस्त' असं लिहिणाऱ्यांनी त्या शिस्तीत कोणाला जागा नव्हती तेही लिहावं. नावांची यादी लावली की ते आपोआप होतं. यादीत कोण आहे हे कळलं की कोण नाही हेही उघडं पडतं. 'डान्सर्स' या एका शब्दाआड दोन्ही गोष्टी झाकल्या जातात.

इथे बीबीसीच्या 'द ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो'चा विषय टाळता येणार नाही. १९५८ ते १९७८, पूर्ण वीस वर्षं हा कार्यक्रम चालला. गोरे गायक तोंडाला काळं फासून गात आणि त्यांच्याबरोबर टेलिव्हिजन टॉपर्स या गोऱ्या मुली, चेहरे न रंगवता, नाचत. १९६१ मध्ये याला माँत्रोच्या टीव्ही महोत्सवाचा 'गोल्डन रोझ' हा पुरस्कार मिळाला. १९६७ मध्ये वंशभेदविरोधी संघटनेने तो बंद करा म्हणून बीबीसीकडे अर्ज दिला, तरी पुढे अकरा वर्षं तो चालूच राहिला. आता याचं काय करायचं? करमणूक म्हणून तो पुन्हा दाखवू नये, यात मला शंका नाही. पण कपाटात कोंडून कुलूप घालावं हेही पटत नाही, अभ्यासकांना तो बघता आलाच पाहिजे. आणि त्या यादीत टॉपर्सची नावं लावताना त्यांना विचारलं पाहिजे. तेव्हा विशीत असलेल्या मुलीला पोटासाठी मिळालेलं काम ते, आज ऐंशीच्या घरात तिला ते नाव स्वतःला चिकटायला नको असेल. नाव लावून घेण्याचा हक्क असतो तसा न लावण्याचाही असतो. माझ्या प्रस्तावातला हा सर्वांत अवघड कोपरा आहे, आणि त्याचं उत्तर प्रत्येक बाईगणिक वेगळं येईल.

फितीच उरल्या नाहीत तर नावं कुठे लावणार, असंही विचारलं जातं. रास्त आहे. व्हिडिओ टेप आली १९५६ मध्ये आणि ती महाग होती, त्यामुळे कार्यक्रम पुसून तीच टेप पुन्हा वापरायची हे बीबीसीत आणि इतरत्र सर्रास चाललं. त्याआधीचे अमेरिकी कार्यक्रम टिकले ते किनेस्कोपवर, म्हणजे मॉनिटरसमोर फिल्मचा कॅमेरा लावून घेतलेल्या प्रतींवर. ड्युमाँट या बंद पडलेल्या नेटवर्कच्या अशा प्रतींचं काय झालं, हे अभिनेत्री ईडी अ‍ॅडम्स यांनी १९९६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसपुढे सांगितलं. १९७० च्या दशकात त्या ट्रकमध्ये भरल्या, बार्जवर चढवल्या आणि न्यूयॉर्कच्या खाडीत ओतल्या. ग्लीसनचा आधीचा शो, १९५० पासून जून टेलर जिथे नाच बसवत होत्या तो, याच ड्युमाँटवर होता. पण फीत बुडाली म्हणून पगारपत्रक बुडत नाही. उलट जिथे चित्र गेलं तिथे कागद जास्त मोलाचा. करारनामे, कॉलशीट, संघटनेच्या वह्या, घरोघरच्या ट्रंकांतले फोटो, एवढं अजून हाती लागण्यासारखं आहे. १९५२ मध्ये वीस वर्षांची असलेली नर्तकी आज नव्वदी ओलांडून गेली आहे, त्यामुळे 'बघू पुढच्या अंदाजपत्रकात' म्हणायला फुरसत नाही.

राहिला पैसा. १९७४ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये काही नर्तक रात्रभर बसून आपापल्या आयुष्याबद्दल बोलले आणि ते टेपवर घेतलं गेलं. त्यांच्यात नृत्यदिग्दर्शक मायकेल बेनेटही होते. एनबीसीवरच्या 'हलाबलू' या व्हरायटी शोमध्ये एके काळी ते स्वतः मागच्या रांगेत नाचलेले. त्या बोलण्यातून 'अ कोरस लाइन' हे संगीत नाटक उभं राहिलं, पुलित्झर मिळालं, ब्रॉडवेवर ६,१३७ प्रयोग झाले. नर्तकांनी आपल्या आयुष्यांचे हक्क लिहून दिले ते प्रत्येकी एका डॉलरला. पुढे बेनेट यांनी उत्पन्नातला छोटा वाटा त्यांना दिला, पण तो त्यांच्या मर्जीने. रांगेतून आलेला माणूसही मालकाच्या खुर्चीत बसला की कागद कसा बनतो, ते यात दिसतं. चांगुलपणावर विसंबू नये, नियम हवा, असं मी म्हणतो ते यासाठी.

सरकारने या मुलींना नोकरीत घेतल्याचंही एक उदाहरण आहे. पूर्व जर्मनीच्या टीव्हीने १९६२ मध्ये स्वतःचा टीव्ही-बॅले उभा केला, आणि १९७२ पासून 'आइन केसेल बुंटेस' या तिथल्या मोठ्या व्हरायटी शोमध्ये तो दिसत राहिला. त्या देशात सरकारी संस्थांतल्या बॅले नर्तकांना नाचणं थांबल्यावर खास भत्ता मिळायचा, पस्तिशीत धंदा संपतो हे मान्य करून. जर्मनी एक झाली आणि १९९१ च्या अखेरीस तो भत्ता बंद पडला. नर्तक पुढे कित्येक वर्षं त्यासाठी भांडत राहिले. हुकूमशाहीचं कौतुक करायची मला हौस नाही, पण नाचणाऱ्याचं शरीर लवकर झिजतं एवढी साधी गोष्ट त्या हिशेबात होती, आणि बाजाराच्या हिशेबातून ती गळाली.

आता तर यंत्राने जुनी फीत 'स्वच्छ' करायची टूम निघाली आहे. पुढचा गायक लख्ख होतो. मागच्या रांगेत मूळ फितीवर चेहऱ्याचे चार ठिपके असतात, यंत्र तिथे अंदाजाने नाकडोळे भरतं आणि सगळ्यांचा एकच गुळगुळीत चेहरा करून टाकतं. हयात असलेल्या बाईला आपला चेहरा त्यात ओळखू येणार नाही. अमेरिकेत २०२३ चा नटांचा संप ११८ दिवस चालला तेव्हा मागच्या गर्दीतल्या कलाकारांची शरीरं एकदा स्कॅन करून कायमची वापरायची का, हाही वादाचा एक मुद्दा होता. रांगेतलं माणूस बदलता येतं, एकासारखं दुसरं असतं, ही समजूत टिलरच्या काळची. यंत्राला ती आयतीच मिळाली.

हे सगळं परक्या देशांचं म्हणून सोडून देता येत नाही. मुंबईच्या हिंदी सिनेमाने हीच रीत उचलली. हेलन आधी कोरसमध्ये नाचल्या, सरोज खान १९५० च्या दशकात मागच्या रांगेत होत्या. दोघी पुढे आल्या म्हणून आपल्याला माहीत आहेत, त्यांच्या डावी-उजवीकडे कोण होतं ते विचारू नका. वादकांचंही तसंच होतं. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड अशा गोव्याच्या माणसांनी गाण्यांचे वाद्यमेळ बांधले आणि लोकांना त्यांची नावं कळली ती फार उशिरा, अभ्यासकांनी त्यांचा माग काढला तेव्हा. म्हणजे शोधलं तर सापडतं.

आजच्या गाण्यात मागे चाळीस-पन्नास ग्रुप डान्सर असतात. चित्रपट संपल्यावर पाटी पाच मिनिटं सरकत राहते, तिच्यावर ड्रायव्हर असतात, नाश्ता पुरवणारे असतात, विमा उतरवणारी कंपनी असते. असावेतच. नाचणारे बहुतेक वेळा नसतात, किंवा असले तर कोऑर्डिनेटरच्या एका नावात उरकलेले असतात. शूटिंगच्या दिवशी त्या चाळीस जणांची नावं हिशेबाच्या कागदावर लिहिली जातातच, त्याशिवाय पैसे निघत नाहीत. तो कागद पाटीवर उतरवायला नेमका कोणाचा विरोध आहे, हे निर्मात्यांनी एकदा सांगून टाकावं.